पेल एलसाठी आधी यीस्ट, मग हॉप्स

घरी पहिली पेल एल (फिकट रंगाची एक बिअर) करायचं ठरलं की बहुतेक जण हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, याद्या वाचत बसतात. सिट्रा घ्यावा की मोझॅक, दोन्ही घ्यावेत का, सोबत थोडा सिमको टाकला तर काय होईल. नावं छान असतात, वर्णनं त्याहून छान: आंबा, पॅशनफ्रूट, पाइनचा डिंक. यीस्टची निवड मात्र शेवटच्या क्षणी होते, जे पाकीट हाताशी असेल ते. मीही पहिल्या खेपेला हेच केलं. महिनाभर विचार करून चार जातींचे हॉप्स निवडले आणि फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, ठेवला २८ अंशांच्या खोलीत. बाटली उघडली तेव्हा ना आंबा होता ना पाइन. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला आणि घोट गिळल्यावर घशात चटका बसला. दोन महिने ठेवूनही तो गेला नाही. हॉप्स चांगलेच होते. यीस्टला झेपणार नाही अशा उष्णतेत मी त्याला कामाला लावलं होतं.

म्हणून इथे आधी जागेचं तापमान, मग यीस्ट, मग हॉप्स असा क्रम घेतला आहे. घरी बिअर करण्याबाबत प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, कुठे मुभा असते तर कुठे परवाना लागतो. ते पाहून मगच सुरुवात करा.

पायरी १: फर्मेंटर कुठे ठेवणार ते ठरवा आणि तिथलं तापमान मोजा

ज्या कोपऱ्यात फर्मेंटर ठेवणार तिथे दोन-तीन दिवस थर्मामीटर ठेवा. पहाटेचा आकडा लिहा, दुपारचा लिहा. अंदाजावर जाऊ नका, कारण आपल्याला गार वाटणारी खोली बऱ्याचदा २५ अंशांवर असते.

इथे नवशिक्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. किण्वन स्वतः उष्णता तयार करतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा यीस्ट जोरात असतं, तेव्हा आतलं वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी गरम असू शकतं. म्हणजे खोली २२ ला असेल तर यीस्ट २६ मध्ये काम करत असेल. बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी मिळते, ती फर्मेंटरवर लावा आणि तिच्याच आकड्यावर विश्वास ठेवा. बिअरची चव ठरवणारे बरेचसे पदार्थ याच पहिल्या तीन दिवसांत तयार होतात. पुढे तापमान दोन अंशांनी चढलं तर फारसं बिघडत नाही, उलट शेवटी थोडी ऊब दिलेली चांगली. लोण्यासारखा वास देणारं डायअ‍ॅसिटिल नावाचं द्रव्य यीस्ट तेव्हा स्वतःच शोषून घेतं.

तापमान जास्त असेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा आणि त्यात बर्फ झालेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहा. फर्मेंटरला ओला कपडा गुंडाळून पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. त्यासाठी वेगळा फ्रिज असायलाच हवा असं नाही.

पायरी २: त्या तापमानाला साजेसं यीस्ट निवडा

एलचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसिए. पावाचं यीस्टही त्याच प्रजातीचं, त्यामुळे ‘तेच वापरलं तर?’ असा प्रश्न हमखास येतो. बिअर होईल, पण ते यीस्ट नीट तळाला बसत नाही आणि चवीचा भरवसा नसतो. ते पीठ फुगवण्यासाठी निवडलेलं आहे. बिअरसाठी बिअरचंच घ्या.

पाकिटावर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली तापमानाची मर्यादा. दुसरी अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे वर्टमधली किती टक्के साखर यीस्ट खाणार. हा आकडा ८० च्या आसपास असेल तर बिअर कोरडी, हलकी लागते आणि हॉप्सचा कडवटपणा स्पष्ट जाणवतो. ७० च्या आसपास असेल तर तोंडात गोडवा आणि भरीवपणा राहतो. तिसरी फ्लॉक्युलेशन: काम संपल्यावर यीस्ट किती लवकर गोळा होऊन तळाला बसतं. चांगलं बसणारं यीस्ट बिअर नितळ ठेवतं.

पहिल्या पेल एलसाठी मी नि:शंकपणे कोरडं यीस्ट सुचवतो. द्रव यीस्टमध्ये जाती खूप आहेत, पण ते सतत थंड ठेवावं लागतं, जुनं होत गेलं की त्यातल्या जिवंत पेशी झपाट्याने घटतात आणि बऱ्याचदा आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून, म्हणजे स्टार्टर करून, त्यांची संख्या वाढवावी लागते. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतं आणि पेशींची संख्या पुरेशी असते.

कोणतं घ्यायचं, तर माझा हिशेब असा. फर्मेंटरचं तापमान १८ ते २० अंशांवर धरता येत असेल तर सेफएल यूएस-०५ घ्या. अमेरिकन पेल एलचं हे सर्वांत सरळ यीस्ट आहे. स्वतःची चव फारशी टाकत नाही, बिअर कोरडी करतं आणि हॉप्सना मैदान मोकळं सोडतं. फार गार ठेवलं, १६ अंशांच्या आसपास, तर कधीकधी पीचसारखा हलका वास येतो. वाईट नसतो, पण अपेक्षित नसला तर गोंधळायला होतं. ब्राय-९७ हेही याच वळणाचं. ते सुरू व्हायला वेळ घेतं, पहिल्या दिवशी एअरलॉकमध्ये (फर्मेंटरच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीत) बुडबुडा दिसला नाही म्हणून घाबरून दुसरं पाकीट टाकू नका.

फळांची थोडी छटा आणि भरीवपणा हवा असेल तर इंग्लिश वळणाचं एस-०४. ते झपाट्याने काम संपवतं आणि तळाला घट्ट बसतं. मात्र त्याला १८-१९ अंशांतच ठेवा, माझ्याकडे ते २१ च्या वर गेलं की बिअरमध्ये आंबटसर धार आली आहे. जागा त्याहूनही गार असेल, १४-१५ अंश, तर नॉटिंगहॅम तिथेही शांतपणे काम करतं. विंडसरही इंग्लिशच, पण माल्टोट्रायोज ही साखर त्याला खाता येत नाही, त्यामुळे बिअर गोडसर राहते. पहिल्या खेपेला ते टाळलेलं बरं.

आणि तापमान ३० च्या खाली येतच नसेल तर? आधी वाटायचं की अशा जागी एल करूच नये. नॉर्वेच्या शेतघरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या क्वाइक यीस्टने हे चित्र बदललं. त्यातलं व्हॉस आता कोरड्या पाकिटात मिळतं आणि ३५ ते ४० अंशांत ते खरं खुलतं. संत्र्याच्या सालीसारखा वास देतं, आणि तो कॅस्केड किंवा सिट्राबरोबर फार सुरेख जुळतो. गरम जागेत राहणाऱ्याने बर्फाच्या बाटल्यांशी झगडण्यापेक्षा हे यीस्ट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: यीस्ट पुरेसं घाला

११ ते साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट २० लिटर आणि १.०५० गुरुत्वाच्या वर्टला पुरतं (गुरुत्व म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा). अर्धं वाचवून पुढच्या खेपेला ठेवण्याचा मोह टाळा. उघडलेल्या पाकिटात हवा आणि ओल शिरते, आणि कमी पेशींना जास्त काम पडलं की नको ते वास येतात. पाकिटावर सांगितलं असेल तर निर्जंतुक कोमट पाण्यात आधी भिजवा, नसेल तर वर्टवर सरळ भुरभुरवा. वर्ट मात्र २० अंशांपर्यंत निवलेलं हवं. गरम वर्टमध्ये यीस्ट टाकून मग थंड होण्याची वाट पाहणं हीच माझी त्या पहिल्या खेपेची दुसरी चूक होती.

पायरी ४: हॉप्स काय करतात ते समजून घ्या

हॉपच्या फुलाची एक कळी मधोमध फाडून पाहा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीजर्द, चिकट पूड दिसेल. ती ल्युप्युलिन. हॉपचं सगळं मोल त्या पुडीत आहे. त्यात दोन गोष्टी असतात. अल्फा आम्लं, जी उकळल्यावर रूप बदलतात आणि कडवट होतात. आणि सुगंधी तेलं, जी उकळल्यावर वाफेबरोबर उडून जातात. हॉप्स कधी घालायचे याचं सारं गणित या दोन ओळींतून निघतं. साठ मिनिटं उकळलेला हॉप कडवटपणा देतो, वास जवळपास काहीच नाही. शेवटच्या दहा मिनिटांत घातलेला थोडा कडवटपणा आणि बरीच चव देतो. आच बंद करून वर्ट ८० अंशांवर आल्यावर घातलेला मुख्यतः वास देतो. किण्वन संपल्यावर थंड बिअरमध्ये घातलेला, म्हणजे ड्राय हॉप, जवळजवळ निव्वळ वास देतो.

कडवटपणा आयबीयूमध्ये मोजतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम रूपांतरित अल्फा आम्ल. हिशेब एकदा हाताने करून पाहा, मग कोणतंही सॉफ्टवेअर कळतं. मॅग्नम या जर्मन हॉपमध्ये १२ टक्के अल्फा आहे असं धरू. १५ ग्रॅम घेतला तर त्यात १.८ ग्रॅम, म्हणजे १८०० मिलिग्रॅम अल्फा. १.०५० च्या वर्टमध्ये तासभर उकळल्यावर त्यातलं साधारण २३ टक्के कामी येतं, म्हणजे ४१४ मिलिग्रॅम. २० लिटरने भागा: जवळपास २१ आयबीयू. तोच हॉप दहा मिनिटं उकळला असता तर ८ टक्क्यांच्या आसपासच कामी आलं असतं. आणि मॅग्नमऐवजी ६ टक्क्यांचा कॅस्केड घेतला असता तर तितक्याच कडवटपणासाठी ३० ग्रॅम लागला असता.

अल्फाचा आकडा दर पिकागणिक बदलतो. म्हणून कृतीत लिहिलेल्या ग्रॅमवर न जाता आपल्या पाकिटावरचा टक्का पाहून हिशेब करा. अमेरिकन पेल एल साधारण ३० ते ५० आयबीयूमध्ये बसते. पहिल्या खेपेला ३० ते ३५ वर थांबा. कमी कडवट बिअर आवडीने पिता येते, जास्त कडवट झालेली दुरुस्त करता येत नाही.

पायरी ५: एकच सुगंधी हॉप निवडा

हा सल्ला नवशिक्यांना पटत नाही हे मला ठाऊक आहे. तरी कळकळीने सांगतो: पहिल्या पेल एलमध्ये वासासाठी एकच जात घ्या. चार जाती मिसळल्या तर जे लागेल ते कोणाचं हे कधीच कळत नाही. एकच घेतला तर तो जन्मभर ओळखीचा होतो.

तो एक कोणता, तर माझ्या मते कॅस्केड. अमेरिकेच्या सरकारी शेती संशोधनातून ओरेगॉनमध्ये तयार झालेली ही जात १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली. तिच्या वंशावळीत इंग्लंडचा जुना फगल आहे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात सिएरा नेवाडा या ब्रुअरीने आपली पेल एल कॅस्केडवर उभी केली आणि ग्रेपफ्रूट, फुलं, किंचित मसाल्याचा तो वास हीच अमेरिकन पेल एलची ओळख झाली. कॅस्केडमध्ये अल्फा कमी असतं, ५ ते ७ टक्के, त्यामुळे दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बिअर बिघडत नाही. शिकणाऱ्याला असा क्षमाशील हॉप हवा.

कॅस्केड हाताला आला की पुढे सेंटेनियल: तसाच, पण अधिक गडद, अल्फा १० टक्क्यांच्या आसपास. सिट्रा म्हणजे लिंबू, आंबा, लिची. फार बोलका हॉप आहे आणि प्रमाण चुकलं तर बाकी सगळ्यांचा आवाज दाबतो. मोझॅक २०१२ चा, सिमकोच्या वंशातला, त्यात ब्लूबेरीसारखी छटा येते. अमारिलो कोणी मुद्दाम पैदा केला नाही, वॉशिंग्टन राज्यातल्या एका हॉपच्या मळ्यात आपसूक उगवलेला सापडला. त्याचा संत्र्याचा गोड वास मला पेल एलमध्ये सिट्राहून जास्त आवडतो. न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन पांढऱ्या द्राक्षांच्या वाइनची आठवण करून देतो. इंग्लिश वळणाची पेल एल हवी असेल तर ईस्ट केंट गोल्डिंग्ज घ्या: मध, माती, सौम्य फुलं. त्याच्यासोबत यूएस-०५ घातलं तर बिअर पोकळ लागते, एस-०४ घातलं तर भरते.

यीस्ट आणि हॉप्सची सांगड घालताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: कोण बोलणार आणि कोण ऐकणार? कॅस्केड, सेंटेनियल, सिमको यांना शांत यीस्ट द्या. गोल्डिंग्ज, फगल यांच्यासारख्या मृदू हॉप्सना फळांची छटा देणारं यीस्ट द्या. सिट्रा आणि मोझॅक दोन्हीकडे चालतात, म्हणून तर धूसर, गढूळ दिसणाऱ्या रसाळ पेल एल इंग्लिश वळणाच्या यीस्टवर आणि याच हॉप्सवर करतात.

पायरी ६: पाकीट पारखून घ्या

पिकाचं वर्ष पाहा. हवा काढून बंद केलेलं, थंड जागी ठेवलेलं पाकीट घ्या. घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा. हॉप्स बहुधा दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात, उघडल्यावर त्या हिरव्या दिसायला हव्यात. दोन गोळ्या तळहातावर चुरडा, दोन्ही हात एकमेकांवर जोरात घासा आणि नाक जवळ न्या. आधी गवताचा वास येईल, हात गरम झाले की खरा वास वर येईल. तो जुन्या चीजसारखा किंवा घामट मोज्यासारखा असेल, गोळ्या तपकिरी पडल्या असतील, तर ते हॉप्स बिअरमध्ये घालू नका. उकळून हा दोष जाईल असं समजू नका.

घरात कुत्रा असेल तर हॉप्स आणि उकळून उरलेला चोथा त्याच्या तोंडाशी येणार नाही अशी व्यवस्था करा. हॉप्स कुत्र्यांसाठी विषारी असतात, त्यांचं अंग धोकादायक तापतं आणि जीवही जाऊ शकतो.

पायरी ७: आता एक खेप, सुरुवातीपासून बाटलीपर्यंत

२० लिटरसाठी साडेचार किलो पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि पाव किलो फिकट क्रिस्टल माल्ट ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवा. माल्ट भिजवण्याचा खटाटोप नको असेल तर २.७ किलो कोरडा फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्ट पाण्यात विरघळवा. दोन्ही वाटांनी गुरुत्व १.०५० च्या आसपास येतं. पाण्यात क्लोरीनचा वास असेल तर तो आधी काढून टाका, नाहीतर बिअरला औषधासारखी चव येते.

वर्टला उकळी फुटली की १५ ग्रॅम मॅग्नम. पन्नास मिनिटांनी, म्हणजे शेवटची दहा मिनिटं उरली असताना, २५ ग्रॅम कॅस्केड. याचे सहाएक आयबीयू होतात. तास पुरा झाला की आच बंद करा, वर्ट ८० अंशांवर येऊ द्या, ४० ग्रॅम कॅस्केड घाला, ढवळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. इथून आणखी तीन-चार आयबीयू येतील, एकूण ३० च्या जवळ. मग जमेल तितक्या झटपट १८ अंशांवर आणा, फर्मेंटरमध्ये उंचावरून ओता म्हणजे हवा मिसळेल, आणि यूएस-०५ चं पूर्ण पाकीट घाला. हवा मिसळायची ती फक्त याच वेळी. यानंतर ऑक्सिजन हा बिअरचा शत्रू आहे.

दुसऱ्या दिवशी फेसाचा जाड थर दिसेल. पट्टीवर २० च्या वर जाऊ देऊ नका. पाचव्या-सहाव्या दिवशी फेस बसू लागला की दोन अंश चढू द्या. दहाव्या दिवशी गुरुत्व मोजा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा. १.०१० ते १.०१२ वर स्थिर असेल तर किण्वन संपलं, बिअर पाच टक्क्यांच्या आसपास झाली.

आता ६० ग्रॅम कॅस्केडचा ड्राय हॉप, म्हणजे लिटरमागे तीन ग्रॅम. झाकण उघडा, घाला, लगेच बंद करा. तीन दिवस पुरे. जास्त दिवस ठेवल्याने वास वाढत नाही, गवताची कोवळी तुरट चव मात्र येते. बाटल्या भरण्याआधी गुरुत्व आणखी एकदा मोजा, ही पायरी कधीही गाळू नका. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात, ती उरलेल्या मोठ्या साखरा तोडतात आणि यीस्ट पुन्हा खायला लागतं. आकडा खाली सरकत असताना बाटल्या बंद केल्या तर दाब वाढून बाटल्या फुटू शकतात. आकडा थांबला असेल तर लिटरमागे ६ ग्रॅम साखर, एकूण १२० ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून मिसळा आणि न शिंपडता, नळी तळापर्यंत नेऊन बाटल्या भरा.

बाटल्या तपकिरी काचेच्या घ्या. उजेड लागला की हॉप्समधली कडवट द्रव्यं मोडतात आणि त्यांतून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा वास स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा असतो. पारदर्शक बाटलीला उन्हात त्यासाठी काही मिनिटंही पुरतात.

दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवा, मग एक बाटली थंड करून उघडा. पेला नाकाशी धरा आणि जे येईल ते वहीत लिहा: ग्रेपफ्रूट किती, फुलं किती, मागे माल्टची गोडी आहे का, कडवटपणा जिभेवर किती वेळ रेंगाळतो. खेपेचा क्रमांक, यीस्ट, फर्मेंटरचं रोजचं तापमान, हॉपचा अल्फा टक्का, सगळं त्याच पानावर. पुढच्या खेपेला यातली एकच गोष्ट बदला. कॅस्केड तोच ठेवून यूएस-०५ च्या जागी एस-०४ घातलं, तर दोन पेले शेजारी ठेवल्यावर यीस्ट काय करतं ते पहिल्या घोटातच कळतं. मी ही जोडी पहिल्यांदा केली तेव्हा तोच हॉप एकीकडे सालीसारखा धारदार आणि दुसरीकडे मुरंब्यासारखा गोल लागला होता.

त्या खेपेतल्या दोन बाटल्या मागे ठेवा आणि सहा आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी दुसरी उघडा. ड्राय हॉपचा वास सगळ्यात आधी विरतो, मग फुलं जातात, कडवटपणा बराच काळ मागे राहतो. आपल्या पेल एलचा वास किती आठवडे टिकतो हे त्या दोन बाटल्यांवरून कळेल, आणि पुढची खेप कधी लावायची तेही.